रक्तात कॅल्शियम अतिशय कमी, मेंदूत मात्र कॅल्शियमचे साठे: गोळ्या द्याव्यात की थांबवाव्यात?

कोयनामाई

माझ्या सासूबाईंचे वय ५८ आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी मोठ्या गलगंडासाठी त्यांची संपूर्ण थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढण्यात आली आणि तेव्हापासून सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी चालू आहे. शस्त्रक्रियेनंतर काही महिने कॅल्शियमच्या गोळ्याही होत्या. पुढे त्रास नाही म्हणून त्या बंद झाल्या. गेली काही वर्षे त्यांच्या ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात आणि मूळचा शांत स्वभाव फार घाबरा झाला आहे. ही लक्षणे वयाची आणि चिंतेची आहेत, असे वेळोवेळी सांगण्यात आले. गेल्या वर्षी त्यांना प्रथम आकडी आली, तेव्हा मिरगीचे निदान करून फेनिटॉइन सुरू करण्यात आले. तरीही आकड्या पूर्ण थांबल्या नाहीत.

या महिन्यात त्यांना चालताना दम लागू लागला, पायांवर सूज आली आणि पुन्हा मोठी आकडी आल्याने रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथील तपासण्या अशा आहेत: एकूण कॅल्शियम ५.२, अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) ३.५, फॉस्फरस ७.२, मॅग्नेशियम १.१, पॅराथायरॉइड संप्रेरक जवळजवळ नाही, ड जीवनसत्त्व कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) व्यवस्थित. ईसीजीत क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यामागे हृदयाच्या विद्युतक्रियेला लागणारा वेळ) ५६० मिलिसेकंद, म्हणजे लांबलेले, आहे, तर टू-डी इकोमध्ये हृदयाची पंप करण्याची क्षमता ३० टक्के दाखवली आहे. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना, खोलवरच्या भागात, कॅल्शियमचे पांढरे साठे दिसले.

शिरेतून कॅल्शियम दिल्यानंतर आकड्या थांबल्या आणि आता त्या घरी आल्या आहेत. आमच्यापुढचे प्रश्न असे. मेंदूत आधीच कॅल्शियम साठलेले असताना रोज एवढ्या गोळ्या देणे धोक्याचे नाही का? एका नातेवाइकांनी त्या ताबडतोब थांबवायला सांगितले आहे. दुसरे, हृदय पुन्हा पूर्ववत होईल का? आणि तिसरे, आकडीचे औषध आता जन्मभर घ्यावे लागेल का? त्यांच्या डॉक्टरांची पुढची भेट पुढील आठवड्यात आहे. त्याआधी विषय नीट समजून घ्यावा, या हेतूने लिहीत आहे.

वैद्यकमित्र

मी अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर उपचार करतो. रुग्ण न पाहता औषधाच्या मात्रेत बदल सुचवणे योग्य ठरणार नाही, परंतु आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र निःसंदिग्धपणे देता येते: गोळ्या थांबवू नयेत. पुढील भेटीपर्यंत तर नाहीच नाही.

थायरॉइडच्या मागील बाजूस मसुरीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. थायरॉइड संपूर्ण काढताना त्या निघून जाऊ शकतात किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. त्यांचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम रक्तात आणते, मूत्रपिंडांना कॅल्शियम राखून फॉस्फेट बाहेर टाकण्यास लावते, आणि ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयार करण्याचा आदेशही तेच देते. संप्रेरक नाहीसे झाले की रक्तातील कॅल्शियम उतरते आणि फॉस्फरस चढते. आपल्या सासूबाईंच्या अहवालात नेमकी हीच जोडी दिसते. केवळ ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने कॅल्शियम उतरले असते, तर संप्रेरक वाढलेले आणि फॉस्फरस बहुधा कमी आढळले असते.

आता तपासणीतील आकडेवारीकडे पाहू. प्रौढांमध्ये एकूण कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. त्यातील सुमारे निम्मेच मोकळ्या, आयनीकृत स्वरूपात असते आणि शरीराचे काम त्यावर चालते. उरलेल्यातील बहुतेक अल्ब्युमिनला चिकटलेले असते. म्हणून अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी असेल, त्या प्रत्येक ग्रॅममागे ०.८ मिळवून अंदाज बांधतात. त्या हिशेबाने सासूबाईंचे कॅल्शियम ५.६ येते, म्हणजे तरीही ते फार खाली आहे. शक्य असेल तेथे आयनीकृत कॅल्शियम थेट मोजणे अधिक चांगले, कारण घाबरून जलद श्वास घेणाऱ्या रुग्णात एकूण आकडा न बदलताही मोकळे कॅल्शियम उतरते आणि मुंग्या वाढतात. अशा रुग्णाला चिंतेचा शिक्का फार सहज बसतो. वास्तविक चिंता, उदासीनता, गोंधळलेपण, क्वचित भ्रम हेसुद्धा कमी कॅल्शियममुळे मेंदूवर होणारे परिणाम असू शकतात. मानेवर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण असलेल्या कोणाही व्यक्तीत अशी लक्षणे दिसली, तर कॅल्शियमची साधी, स्वस्त तपासणी आधी व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडी का येते, तेही पाहू. चेतापेशीच्या बाहेर असलेले कॅल्शियम तिच्या आवरणातील सोडियमची दारे सहजासहजी उघडू देत नाही. ते कमी झाले की अगदी क्षुल्लक कारणानेही पेशी उद्दीपित होते. हातापायांच्या नसांमध्ये असे घडले की मुंग्या, पेटके आणि बोटे आत वळणे दिसते, आणि त्या वेळी रुग्ण शुद्धीवर असतो. मेंदूच्या पेशींमध्ये असे घडले की खरी आकडी येते आणि शुद्ध हरपते. स्वरयंत्राचे स्नायू आवळले गेले, तर श्वास घेताना घरघर होऊन जीव धोक्यात येतो. रक्तदाब मोजताना पट्टा फुगवलेला असतानाच त्यांच्या हाताची बोटे जुळून मनगट आत वळले होते का, हे आठवून पाहावे. फ्रेंच वैद्य त्रूसो यांनी १८६१ मध्ये वर्णन केलेले हे लक्षण आजही तितकेच उपयोगी आहे. वरच्या रक्तदाबापेक्षा थोडा अधिक दाब सुमारे तीन मिनिटे ठेवला असता ते दिसते.

मेंदूतील साठ्यांविषयी गैरसमज होणे स्वाभाविक आहे, कारण रक्तात नाही आणि मेंदूत आहे, हे ऐकायला विचित्रच वाटते. परंतु हे साठे खाल्लेल्या गोळ्यांतून आलेले नाहीत. गोळ्या बंद असण्याच्या काळातच ते तयार झाले आहेत. त्यामागे वर्षानुवर्षे वाढलेल्या फॉस्फरसचा मोठा वाटा मानला जातो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पॅराथायरॉइडची कमतरता असलेल्या रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. त्यांच्यापैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जणांच्या मेंदूत असे साठे आढळले, आणि फॉस्फरसच्या तुलनेत कॅल्शियम जितके कमी, तितकी साठ्यांची वाढ अधिक, असा संबंध दिसला. उपचार थांबवले की कॅल्शियम पुन्हा उतरेल, फॉस्फरस पुन्हा चढेल, आणि ज्या गोष्टीची नातेवाइकांना भीती वाटते तिलाच वाट मिळेल. झालेले साठे सहसा विरघळत नाहीत. बहुतेकांना त्यांचा त्रास जाणवत नाही. काहींमध्ये मात्र हालचाली मंदावणे, कंप किंवा अनैच्छिक हालचाली दिसतात, म्हणून तिकडे लक्ष ठेवावे. डोळ्यांची तपासणीही करून घ्यावी, कारण याच आजारात मोतीबिंदू लवकर होतो.

माळरान

एवढ्या औषधांपेक्षा गव्हाच्या दाण्याएवढा खाण्याचा चुना दह्यातून द्यावा आणि रोज नाचणीची भाकरी व दोन पेले दूध द्यावे, असे मी सुचवीन. आमच्याकडे गुडघेदुखीसाठी अनेकांनी हा उपाय केलेला आहे.

वैद्यकमित्र

नाचणी उत्तमच आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि निरोगी माणसाने ती जरूर खावी. परंतु येथे अडचण आहारातील कॅल्शियमच्या अभावाची नाही. आतड्याने ते शोषावे यासाठी लागणारे क्रियाशील ड जीवनसत्त्व पॅराथायरॉइडच्या अभावी पुरेसे बनत नाही. दुधात कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही भरपूर असते, त्यामुळे या विशिष्ट आजारात दूध वाढवण्याचा सल्ला सरसकट देता येत नाही. चुन्याविषयी माझा थेट विरोध आहे. त्याची मात्रा मोजता येत नाही, तो तोंड आणि अन्ननलिका भाजू शकतो, आणि ज्या रुग्णाचे हृदय ३० टक्क्यांवर चालले आहे तिच्यावर अंदाजाने प्रयोग करू नये.

स्पंदन

हृदयरोग विभागात काम करत असल्याने दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. कमी कॅल्शियममुळे हृदय कमकुवत होणे हा तुलनेने दुर्मीळ प्रकार आहे, पण हृदयाच्या स्नायूच्या ज्या थोड्या आजारांतून रुग्ण पुष्कळदा पूर्ण बाहेर पडतो, त्यांपैकी तो एक आहे. म्हणून कारण न ओळखता तो राहून जाणे विशेष खेदाचे असते.

हातापायांच्या स्नायूंचा स्वतःचा कॅल्शियमचा साठा पुरेसा असतो, त्यामुळे रक्तातील कॅल्शियम उतरले तरी ते दुबळे होत नाहीत. उलट नसा उद्दीपित झाल्याने ते आवळतात. हृदयाच्या पेशीचे तसे नाही. प्रत्येक ठोक्याला बाहेरून थोडे कॅल्शियम आत यावे लागते, तेव्हाच आतला साठा मोकळा होऊन आकुंचन घडते. एकाच कमतरतेने नसा अतिउत्तेजित होतात आणि हृदय मात्र मंद पडते, याचे कारण हेच. ही गोष्ट प्रथम दाखवली ती लंडनच्या सिडनी रिंगर यांनी. बेडकाचे हृदय नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात धडधडत राहिले, पण ऊर्ध्वपातित पाण्याच्या द्रावणात थांबले; नळाच्या पाण्यातील कॅल्शियममुळे हा फरक पडत होता, हे त्यांनी १८८३ मध्ये मांडले. आपल्याकडे प्रत्येक दवाखान्यात ज्याला आरएल (रिंगर लॅक्टेट) म्हणतात, त्या सलाइनच्या नावातील रिंगर ते हेच.

ईसीजीतील क्यूटी अंतराविषयी सांगायचे, तर स्त्रियांमध्ये हृदयगतीनुसार दुरुस्त केलेला आकडा साधारण ४६० मिलिसेकंदांपर्यंत असावा. कॅल्शियम कमी असताना पेशीतील विद्युतक्रियेचा मधला सपाट टप्पा लांबतो, म्हणून आलेखात एसटी नावाचा भाग ताणलेला दिसतो. त्यातून जीवघेणी लय निर्माण होण्याचा धोका पोटॅशियमच्या कमतरतेत किंवा काही औषधांमुळे असतो तेवढा एकट्या कॅल्शियममुळे नसतो. पण येथे मॅग्नेशियमही कमी, म्हणजे १.१, आहे आणि हृदयही दुबळे आहे, त्यामुळे हा धोका कमी लेखता येणार नाही. क्यूटी सामान्य होईपर्यंत अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑन्डान्सेट्रॉन, डोम्पेरिडोन यांसारखी औषधे टाळावी लागतात. ही नावे मुद्दाम देतो, कारण सर्दी-खोकला, उलटी, पोट बिघडणे यांसाठी ती कोपऱ्यावरच्या दुकानातूनही सहज मिळतात.

शिरेतून कॅल्शियम देण्याची पद्धतही यासाठीच काटेकोर असते. दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या १० मिलिलिटरमध्ये सुमारे ९० मिलिग्रॅम मूळ कॅल्शियम असते. ते पातळ करून १० ते २० मिनिटांत, ईसीजीवर नजर ठेवून देतात आणि पुढे मंद गतीने सलाइनमधून चालू ठेवतात. घाईने दिले तर हृदयाची गती एकदम मंदावू शकते. रुग्ण डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावर असेल, तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

सुधारणा किती होईल, याचे उत्तर काही आठवडे ते काही महिन्यांनी केलेला इको देईल. कॅल्शियम स्थिरावूनही क्षमता वाढली नाही, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांसह इतर कारणे शोधावी लागतील. वय ५८ असल्याने ती शक्यता मनातून पूर्ण काढून टाकता येत नाही. तोवर हृदयाची नेहमीची औषधे चालू ठेवावीत. मात्र सूज उतरवण्यासाठी फ्युरोसेमाइड दिले जात असेल, तर ते लघवीतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही घालवते, ही बाब डॉक्टरांच्या कानावर घालावी. सूज ओसरताच त्याची मात्रा कमी करण्याचा विचार होऊ शकतो.

कोयनामाई

आपणा दोघांची मी ऋणी आहे. रक्तदाब मोजताना हात वळण्याचा प्रकार अगदी तसाच घडला होता. तेव्हा तो लकवा आहे की काय, अशी शंका आली होती. फ्युरोसेमाइड सध्या चालू आहे. शिवाय आम्लपित्तासाठी त्या गेली कित्येक वर्षे रोज पँटोप्रॅझोल घेतात, याचा या प्रकरणाशी काही संबंध असू शकेल का? त्यांना आता कॅल्शियम कार्बोनेट दिवसातून तीनदा, कॅल्सिट्रिऑल दोनदा आणि मॅग्नेशियम एकदा दिले आहे. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडीही लिहून दिली आहे, त्यामुळे एकच गोष्ट दोनदा दिली जात आहे असे वाटते.

वैद्यकमित्र

पँटोप्रॅझोलचा संबंध असण्याची शक्यता बरीच आहे आणि आपण ही माहिती दिली हे फार चांगले झाले. या गटातील औषधे दीर्घकाळ घेतल्यास काही जणांमध्ये मॅग्नेशियम खूप उतरते. मॅग्नेशियम फार कमी असेल तर पॅराथायरॉइडचे उरलेसुरले संप्रेरकही स्रवत नाही आणि जे स्रवते त्याला शरीर दाद देत नाही. अशा वेळी नुसते कॅल्शियम कितीही दिले तरी ते टिकत नाही. दुसरे असे की, कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला जठरातील आम्ल लागते. आम्ल कमी करणारे औषध चालूच ठेवावे लागणार असेल, तर डॉक्टर कार्बोनेटऐवजी सायट्रेट देण्याचा विचार करू शकतात. शस्त्रक्रियेनंतर काठावर चाललेले गाडे इतक्या वर्षांनी असे एकदम का कोसळले, याचे उत्तर मला या औषधात आणि फेनिटॉइनमध्ये मिळून दिसते.

फेनिटॉइनविषयी सविस्तर सांगतो, कारण आपला तिसरा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन ही औषधे यकृतात ड जीवनसत्त्वाचा नाश वेगाने घडवतात. म्हणजे कॅल्शियमच्या कमतरतेने आलेली आकडी मिरगी समजून फेनिटॉइनने रोखायला गेल्यास मूळ कारण अधिक बळावते आणि आकड्या थांबत नाहीत. तथापि हे औषध घरच्या घरी अचानक बंद करणे अत्यंत धोक्याचे आहे. कॅल्शियम काही महिने स्थिर राहिल्यावर मेंदूविकारतज्ज्ञ ते हळूहळू कमी करतात, किंवा तोवर लिव्हेटिरॅसिटाम यांसारख्या, ड जीवनसत्त्वाला धक्का न लावणाऱ्या औषधावर रुग्णाला नेतात. दिल्लीच्या त्याच संस्थेतील अनुभव असा आहे की, अशा अनेक रुग्णांची आकडीची औषधे कॅल्शियमवर बारीक लक्ष ठेवून थांबवता आली. म्हणून जन्मभर औषध घ्यावेच लागेल असे आज गृहीत धरू नये.

पुडी आणि कॅल्सिट्रिऑल यांत पुनरावृत्ती नाही. पुडीतील ड जीवनसत्त्व कच्चे असते आणि ते मूत्रपिंडात क्रियाशील व्हावे लागते. पॅराथायरॉइड नसताना हा टप्पा अडतो, म्हणून क्रियाशील कॅल्सिट्रिऑल वेगळे द्यावे लागते. पुडीने शरीरातील साठा भरून निघतो. गोळीच्या पाकिटावर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिले असेल, तर त्यातील मूळ कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. आकडा मोठा पाहून घाबरू नये. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांच्यात मात्र किमान चार तासांचे अंतर हवे, अन्यथा थायरॉक्सिन शोषले जात नाही.

कॅल्शियम पूर्ण सामान्य पातळीवर, म्हणजे ९.५ किंवा १० वर नेण्याचा आग्रह धरू नये, हेही येथेच सांगून ठेवतो. संप्रेरकाअभावी मूत्रपिंडे कॅल्शियम राखू शकत नाहीत, त्यामुळे रक्तातील पातळी वर नेली की लघवीतून ते अधिक जाते आणि मुतखडे किंवा मूत्रपिंडांचे नुकसान होते. आठच्या थोडे वर, लक्षणे नसलेली पातळी राखणे आणि मधून मधून २४ तासांच्या लघवीतील कॅल्शियम पाहणे, असा मधला मार्ग घेतात. गोळ्या अति होण्याची खरी भीती मूत्रपिंडांसाठी आहे. नातेवाइकांना तसे सांगितले, तर त्यांच्या काळजीला योग्य दिशा मिळेल.

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये बालरोग विभागात आहे. मूळ प्रश्न प्रौढ स्त्रीचा असला, तरी कॅल्शियम उतरून हृदय दुबळे होण्याचा हाच प्रकार तान्ह्या बाळांमध्ये कसा दिसतो, हे वाचकांना माहीत असावे म्हणून थोडे लिहितो. आग्नेय इंग्लंडमधील हृदयविकाराने दाखल झालेल्या १६ बाळांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सर्व बाळे अंगावर पिणारी होती आणि सर्वच भारतीय उपखंडातील किंवा कृष्णवर्णीय कुटुंबांतील होती. आईला ड जीवनसत्त्वाची कमतरता, त्यामुळे बाळालाही, त्यातून कॅल्शियम उतरणे आणि त्यातून हृदय निकामी होणे, अशी ती साखळी होती. सहा बाळांचे हृदय बंद पडले होते आणि त्यांपैकी तीन वाचू शकली नाहीत. जी वाचली, त्यांचे हृदय उपचारांनंतर सुधारले. गडद त्वचा, अल्प ऊन आणि आईच्या दुधात मुळातच कमी असणारे ड जीवनसत्त्व यांचा हा एकत्रित परिणाम आहे. म्हणून येथे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी स्तनपान चालूच ठेवून बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत. भारतातही जन्मापासून रोज ४०० युनिट देण्याची शिफारस आहे. गोरा रंग यावा म्हणून बाळाला उन्हापासून जपणाऱ्या आजी येथेही भेटतात, हे जाता जाता नोंदवतो.

कोयनामाई

आता एकच व्यावहारिक शंका उरली आहे. सासूबाई एकादशी आणि नवरात्राचे उपवास करतात आणि त्या दिवशी गोळ्या घेत नाहीत. घरी अचानक मुंग्या वाढल्या, तर काय करावे?

वैद्यकमित्र

उपवासाच्या दिवशीही गोळ्या चुकवू नयेत. कार्बोनेट खाण्याबरोबर घ्यायचे असते, तेव्हा फराळाच्या वेळेला ते घेता येते. कॅल्सिट्रिऑलला तर खाण्याचे बंधन नाही. निर्जळी उपवास मात्र त्यांनी करू नये.

मुंग्या किंवा गोळे नेहमीपेक्षा वाढले, तर त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेली जादा गोळी द्यावी आणि त्याच दिवशी कॅल्शियम तपासावे. जादा गोळी केव्हा व किती, हे पुढील आठवड्यातील भेटीत लिहूनच घ्यावे. उलट्या-जुलाब होऊन गोळ्या पोटात टिकत नसतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. हात वळणे, श्वासात घरघर, छातीत धडधड, भोवळ किंवा आकडी यांपैकी काहीही झाल्यास घरी तोंडाने काही देत न बसता थेट रुग्णालय गाठावे आणि दारातच सांगावे की पॅराथायरॉइड नाही, कॅल्शियम उतरते, क्यूटी लांबलेले आहे आणि हृदय दुबळे आहे. याच चार गोष्टी चालू औषधांच्या यादीसह एका कागदावर लिहून तो त्यांच्या पाकिटात ठेवावा.

कोयनामाई

कागद आजच तयार करते. फेनिटॉइन, पँटोप्रॅझोल आणि फ्युरोसेमाइड या तिन्हींबद्दलचे प्रश्नही त्याच्या मागच्या बाजूस डॉक्टरांसाठी लिहून घेतले आहेत.

स्पंदन

त्यात पुढचा ईसीजी आणि इको केव्हा करायचा, हा चौथा प्रश्न जोडावा. जुना ईसीजी सोबत न्यावा. क्यूटी किती कमी झाले हे दोन आलेख शेजारी ठेवूनच नीट कळते.